भालेराव सरांची टेलिफोन शिकवणी

भालेराव सर फोनवर त्रिकोण काढायला सांगत आणि मग विचारत, "कसा दिसतोय?" माझा पहिला त्रिकोण बटाट्यासारखा आला होता, आणि मी तसं प्रामाणिकपणे सांगितलंही. "हरकत नाही," सर म्हणाले, "बटाट्याचे कोन मोज."

नव्वदच्या दशकात पारनेरच्या या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी शाळेतली कायम नोकरी सोडली आणि फोनवरून शिकवणी सुरू केली. मुलांनी दुपारी चारला आपल्या गावच्या एसटीडी बूथवर बसायचं, सर घरून फोन करणार. योजना फारच आधुनिक होती. तालुक्यातल्या तारांना तेवढी ती कळली नाही. शहाण्या लोकांनी सरांना वेड्यात काढलं. विद्यार्थी चार मिळाले. संक्रांतीनंतर मी एकटी उरले.

मी सुप्याची. वडील कारखान्यात. सहामाहीत गणितात नापास झाले, तेव्हा त्यांनी माझ्या भवितव्याचा, भाकरी संपेपर्यंत, सखोल विचार केला. "धाव्वीला गणित ग्येलं, तर काष्टीचं स्थळ पक्कं." यावर आई काही बोलणार होती, पण घरात दुसऱ्याचं ऐकून घ्यायची पद्धत नव्हती. तिने गुपचूप सरांना फोन केला.

बूथवाले काशिनाथभाऊ काचेवर टकटक करत. "पोरी, आवर त्ये वर्गमूळ. ह्यांना पुन्याला बोलायचंय." रांगेतला एखादा ट्रकवाला परस्पर उत्तर सुचवी, आत्मविश्वासाने आणि हमखास चुकीचं. मी ते सांगितलं की सर लगेच ओळखत. "हे तुझं नाही. तुझी चूक याहून बरी असते."

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी रस्ता खोदताना तार तुटली. चार वाजता मुक्या फोनपुढे मी रडत बसले. तासाभराने एक किडकिडीत गृहस्थ सायकलवरून घामाघूम होऊन उतरले.

"कोन पाहिजे तुमाला?" काशिनाथभाऊंनी विचारलं.

"भ... भा... भाले..." त्यांचे ओठ थरथरत राहिले.

फोनवर अस्खलित बोलणाऱ्या सरांना माणसासमोर बोलताच येत नव्हतं. शाळेत मुलं त्यांची नक्कल करत, हे मागाहून कळलं. शिक्षकही करत, अर्थात फक्त मधल्या सुट्टीत. नोकरी का सोडली, हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळे त्यांच्या फोनच्या शिकवणीला हसण्यात गुंतले होते, मीसुद्धा.

सर केबिनमध्ये गेले. आमच्याकडे पाठ केली, बंद फोनचा रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो. वर्तुळ काढलंस? आता स्पर्शिका."

मी दाराशी स्टुलावर बसून वही उघडली. अंधार पडेपर्यंत सर एकदाही अडखळले नाहीत. मला शोधत आलेले वडील बाहेर उभे राहून ऐकत होते.

मी पास झाले. घवघवीत वगैरे नाही, पण पुरेशी. वडील पेढे घेऊन मला पारनेरला सरांच्या घरी घेऊन गेले. सर समोर बसले आणि बोलू लागले. पहिलाच शब्द घशात अडकला. मी घाईने तो पूर्ण करणार, तोच वडिलांनी माझा हात दाबला. आयुष्यात कुणाला वाक्य संपवू न देणारा हा माणूस सरांच्या तोंडाकडे बघत शांत बसून राहिला. बराच वेळ लागला.

"हि... हिला... पुढं शिकवा."

"व्हय," वडील म्हणाले.