पाच वाजताची रिक्षा

नाना खांबेटे गेल्याची बातमी मला त्यांच्या मुलाने दिली नाही, उमेदवाराने दिली. मी नाशिकला लेकीकडे होते. सकाळी फोन हातात घेतला तर आमच्या प्रभागातल्या भाऊंचा संदेश येऊन पडलेला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, हात जोडलेले भाऊ जवळजवळ सगळ्या चित्रभर, आणि खाली कोपऱ्यात ओळखपत्रावरच्या फोटोएवढे नाना. ‘मार्गदर्शक हरपला.’ त्याच्याखाली भाऊंचं निवडणूक चिन्ह. श्रद्धांजलीत चिन्ह घालायचं हे कुणाला सुचलं असेल, याचाच विचार करत मी बसने पुण्याला आले. त्या नादात रडायचं राहून गेलं. नानांना ते पटलं असतं. रडणाऱ्या बायका आणि भाषण लांबवणारे अध्यक्ष, दोघांचाही त्यांना सारखाच कंटाळा होता.

नाना निवेदक होते. पुण्यात चाळीसेक वर्षं असा सत्कार, उद्घाटन, प्रचारसभा किंवा नटनट्यांची रजनी झाली नसेल, जिथे माइकपाशी नाना नव्हते. मंत्री उशिरा आला तर तासभर लोकांना खुर्चीला बांधून ठेवायचे, आणि तो आला की आवाज असा चढवायचे की मागच्या रांगेतला पेंगणारा म्हातारासुद्धा दचकून टाळ्या वाजवायचा. ‘जोरदार टाळ्या!’ हे त्यांचं वाक्य. पुढे सगळ्यांनीच उचललं, पण नानांसारखं कुणाला जमलं नाही. त्या दोन शब्दांवर कितीतरी माणसं मोठी झाली. नाना स्वतः मोठे झाले नाहीत, कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दोन खोल्यांत राहिले. बायको लवकर गेली. मुलगा मंदार, त्याचा मंडप आणि साऊंडचा धंदा. शेजारच्या फ्लॅटमध्ये मी, शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका, म्हणून नाना मला ‘बाई’ म्हणायचे.

आमच्या गॅलऱ्या एकमेकींना लागून आहेत, मध्ये फक्त लोखंडी जाळी. संध्याकाळी पाच वाजता नाना त्यांच्या बाजूला चहा घेऊन बसायचे, मी माझ्या. निवडणूक आली की हा चहा लांबायचा, कारण पाचच्या सुमाराला प्रचाराच्या रिक्षा सुरू व्हायच्या. कर्णा बांधलेली रिक्षा कोपऱ्यावर वळली की नाना डोळे मिटून ऐकायचे, जाणकार गवई नवशिक्याला ऐकतो तसे, आणि मग निकाल द्यायचे. ‘कार्यसम्राट हा शब्द मी पहिल्यांदा ज्याला लावला ना बाई, त्याने आयुष्यात एक मुतारी बांधली होती. तीही स्वतःच्या हॉटेलच्या मागे.’ एका पुढाऱ्याबद्दल सांगायचे, की तो भाषणाला उभं राहण्याआधी त्यांच्या कानाशी येऊन म्हणायचा, ‘नाना, विशेषणांत तळमळीचा राहिलं.’ एकदा कुठलासा सिनेनट उघड्या जीपमधून आमच्या रस्त्याने गेला. खाली ही गर्दी. मीही वाकून बघितलं, खोटं कशाला बोलू. नाना जागचे हलले नाहीत. म्हणाले, ‘नट प्रचाराला आला की उमेदवाराला वाटतं आपण नट आहोत, आणि नटाला वाटतं आपण माणूस आहोत. संध्याकाळपर्यंत दोघंही शुद्धीवर येतात.’ मतदानाला मात्र सकाळी पहिल्या रांगेत. मत कुणाला दिलंत, असं विचारलं की म्हणायचे, ‘ज्याच्यासाठी मी कधी बोललो नाही त्याला. दर वेळी शोधायला वेळ लागतो.’

त्यांची जीभ फक्त पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलेली होती असं समजू नका. माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्यांनीच निवेदन केलं होतं. मला ‘विद्यार्थिप्रिय’ म्हणाले. संध्याकाळी गॅलरीत मी मोठ्या आशेने विचारलं, ‘नाना, खरंच तसं वाटतं तुम्हाला?’ नानांनी बशीत चहा ओतला. ‘ते मुख्याध्यापकांनी लिहून दिलं होतं. माझ्या मते तुम्ही वक्तशीर आहात.’ मी आठवडाभर गॅलरीचं दार उघडलं नाही. नंतर शांतपणे आठवून पाहिलं, तर त्या अख्ख्या दिवसात माझ्याबद्दल निघालेला तेवढाच खरा शब्द होता.

भाऊ दर निवडणुकीला नानांकडे यायचे. शाल, नारळ, बरोबर फोटो काढणारा. मागच्या खेपेला आले तेव्हा मी तिथेच होते, साखर मागायला गेले होते. भाऊ वाकले आणि म्हणाले, ‘नाना, डोक्यावर हात ठेवा.’ नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. ‘भाऊ, तोंडाने मी तुम्हाला भरपूर दिलं. मानधन घेऊन दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. तोंड विकलं मी. हात विकलेला नाही. तो आजवर कुणाच्या डोक्यावर ठेवला नाही, ठेवणारही नाही. शाल तेवढी घेऊन जा, माझ्याकडे तुमच्याच पक्षाच्या सात-आठ आहेत, सगळ्या टोचतात.’ भाऊ हसले. पुढाऱ्याला असं हसावंच लागतं. जिना उतरताना मंदार बापाच्या वतीने त्यांची माफी मागत होता, ते मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

या निवडणुकीच्या तोंडावर नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळी नाही... सगळी गेली असती तर बरं झालं असतं, असं मी आज स्पष्टच म्हणते. डॉक्टर म्हणाले, काही रोग्यांना वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द तेवढे राहतात. नानांना दोनच शब्द राहिले. जोरदार टाळ्या. पाणी हवं असलं तरी जोरदार टाळ्या. भांडं द्यायला उशीर झाला, चादर ओली झाली, तरी जोरदार टाळ्या. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी पहिल्या दिवशी खुदकन हसली, आणि नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या माणसाने उभ्या शहराला विशेषणं वाटली, त्याला ‘दुखतंय’ म्हणायला एक शब्द उरला नाही. देव आहे की नाही मला माहीत नाही, पण असेल तर त्याचा स्वभाव नानांसारखाच असावा.

मी रोज पाच वाजता जाऊन बसायचे. हळूहळू मला कळू लागलं. सुरावरून कळायचं, भुवयांवरून कळायचं. होकार असला की शब्द सावकाश यायचे. नको असलं की घाईघाईने, एकावर एक.

मग एका दुपारी भाऊ आले. या खेपेला बरोबर मालिकेतली एक नटी होती, त्या मालिकेत ती सासऱ्यांची फार सेवा करते. कॅमेरावाले, कार्यकर्ते, दारात चपलांचा ढीग. प्रचाराचा सगळा साऊंड या वेळी मंदारकडे होता, हे मला तिथे उभ्या असलेल्या एका कार्यकर्त्याकडून कळलं. नानांना त्यांनी नवा झब्बा घातला होता. मंदार वाईट मुलगा नाही असं सोसायटीत सगळे म्हणतात, मीही म्हणत असे. भाऊ पलंगाशी गुडघ्यावर बसले, डोकं पुढे केलं. आणि मंदारने बापाचा निर्जीव उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि भाऊंच्या डोक्यावर ठेवला.

हात घसरला. मंदारने पुन्हा ठेवला आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने कोपराखाली आपला हात दिला.

नाना ओरडायला लागले. ‘जोरदार टाळ्या! जोरदार टाळ्या! टाळ्या!’ एकावर एक, जीव तोडून. खोली भारावून गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नटीने डोळ्याच्या कोपऱ्याला रुमालाचं टोक लावलं, काजळ सांभाळून. मी म्हणाले, ‘मंदार, हात खाली ठेव. ते नको म्हणतायत.’ कुणी वळून पाहिलं नाही. कॅमेरावाला तेवढा म्हणाला, ‘काकू, जरा मागे व्हा, मध्ये येताय.’

तो फोटो चौकात लागला. आणि तो आवाज रिक्षात गेला. आधी भाऊंनी केलेले रस्ते, मग भाऊंनी आणलेलं पाणी, मग एक तरुण निवेदक सांगायचा, ‘ज्यांच्या आवाजावर पुणं डोललं, त्या नाना खांबेटेंचा भाऊंना आशीर्वाद, ऐका त्यांच्याच तोंडून!’ आणि नाना. पहिल्या दिवशी रिक्षा आली तेव्हा मी त्यांच्या पलंगाशीच होते. नेहमीच्या सवयीने त्यांनी डोळे मिटून ऐकायला घेतलं. स्वतःचा आवाज आला तसे डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं... मला तेव्हा निकाल हवा होता त्यांच्याकडून, काहीतरी विखारी, माझं काळीज सोलणारं का असेना. नानांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्या दोन शब्दांनाही त्यांनी सुट्टी दिली. पाणी मागितलं नाही, काही मागितलं नाही. लेकीचं बाळंतपण होतं म्हणून मी नाशिकला गेले, तेव्हा निरोप घेतला. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडलं, एवढंच.

ते गेल्यावरही रिक्षा थांबल्या नाहीत. फक्त निवेदनात ‘कैलासवासी’ घातलं. मी मंदारला म्हटलं, आता तरी तो आवाज काढ. तो डोळे पुसत म्हणाला, ‘काकू, मलाही ऐकवत नाही. पण प्रचार संपेपर्यंतचं ठरलंय.’ दुसऱ्या दिवशी पाचला मी खाली उतरले आणि कोपऱ्यावर रिक्षापुढे उभी राहिले. चालक पन्नाशीचा, वारज्याचा. मला वाटलं भांडेल. त्याने कर्णा बंद केला, पेनड्राइव्ह उपसून माझ्या हातावर ठेवला. ‘घ्या ताई. दिवसभर ऐकून माझंबी डोकं उठलंय. म्हातारा बोंबलतोय आन् लोक टाळ्या वाजवतायत.’ अख्ख्या प्रभागात हे एवढ्या एकाच माणसाला कळलं होतं.

तो पेनड्राइव्ह माझ्या टीव्हीला लागतो. चाळीस वर्षांत लोकांनी पुढाऱ्यांची भाषणं जपली, नटांची गाणी जपली, निवेदकाचा आवाज कुणी जपला नाही. माझ्यापाशी नानांचा आवाज म्हणून आहे तो एवढाच. म्हणून पाच वाजता मी चहा घेऊन बसते आणि तो लावते. नानांपर्यंत पोचायचं तर आधी भाऊ सगळे ऐकावे लागतात. पुढे ढकलायला गेले की नानांच्याही पुढे जातं, ते बटण मला जमत नाही. तेव्हा रस्ते ऐकते, पाणी ऐकते, बाग ऐकते. मग नाना येतात. मला त्यांची फार आठवण येते. मग टाळ्या. आणि त्या टाळ्यांच्या खाली, नीट कान दिला तर, एका बाईचा आवाज आहे. ‘मंदार, हात खाली ठेव. ते नको म्हणतायत.’ ते वाक्य काढायचं त्यांच्या ध्यानात आलं नसावं. बाकीच्या रिक्षांतून प्रचार संपेपर्यंत तेही रोज कोथरूडभर फिरलं.

भाऊ निवडून आले.