हॉटेलातली फोडणी

कोविडमध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातलं आमच्या घराशेजारचं हॉटेल ओस पडलं, आणि आश्रय मागायला आलेल्या कुटुंबांना सरकारने तिथे तात्पुरतं ठेवलं. खोली, नाश्ता, दोन वेळचं जेवण, सगळ्याचं बिल सरकार भरायचं. समोरचे आयरिश आजोबा मला दिसले की कुरकुरायचे, "आमच्या करातून चाललीय ही चैन!"

कसली डोंबलाची चैन! माझ्या मुलीच्या वर्गातली एक झिम्बाब्वेची पोर तिथे राहायची. रोज तेच चिप्स आणि नगेट्स बघून ती तोंड फिरवायची. ताट कचऱ्यात जायचं, बिल मात्र भरलं जायचं. पोर वाळत चालली होती आणि खोलीत शिजवायला बंदी. तिची आई शाळेच्या फाटकाशी हे सांगताना रडकुंडीला यायची.

माझं डोकं फिरलं. मी तिला गुपचूप विजेची शेगडी नेऊन दिली. त्यांच्याकडे पालेभाजीत शेंगदाणे घालतात हे कळल्यावर तर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "वरून लसूण-मिरचीची फोडणी घाल," असा आगाऊ सल्लाही मीच दिला. तेलात मिरची पडली आणि फायर अलार्म बोंबलायला लागला. तो आमच्या घरापर्यंत ऐकू आला. फोडणीच ती, मी लगेच ओळखलं आणि धावत सुटले.

सगळं हॉटेल पार्किंगमध्ये कुडकुडत उभं होतं. मॅनेजर त्या आईवर खेकसत होता, "तुम्हाला दुसऱ्या गावी हलवायला लावतो!" म्हणजे लेकीची शाळा सुटणार, मैत्रिणी सुटणार.

"शेगडी माझी आहे," मी ठणकावलं. आजोबाही बघायला आले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "आणि यांच्या पैशाचं जेवण रोज कुठे जातं, ते सांगा ना यांना!"

"कुठे जातं?" आजोबांनी विचारलं. त्या आईने कचऱ्याच्या डब्यांकडे बघितलं.

मग आजोबा जे पेटले! ज्या करापायी कुरकुरायचे, त्याच करापायी आता भांडायला लागले. नगरसेवक, पाद्री, कोणाला म्हणून सोडलं नाही. शेवटी त्यांना हलवण्याचं बोलणं मागे पडलं आणि हॉटेलातल्या लग्नाच्या हॉलमागचं बंद स्वयंपाकघर कुटुंबांसाठी उघडलं. मला तर गुढी उभारावीशी वाटली.

पहिल्या दिवशी मी मास्क लावून दारातच उभी होते. त्या पोरीने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. आणि इतके महिने एकेका घासासाठी तिच्या विनवण्या करणाऱ्या आईने चक्क तिला दटावलं, "पुरे आता! बाकीच्यांना ठेव की!"