निघणारा टप

वडिलांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. तिची ताडपत्री फाटली तेव्हा त्यांनी लकडगंजातून सागवान आणून, वर पत्रा ठोकून टप करवून घेतला. चार बोल्ट काढले की अख्खा टप निघतो, हे ते येईल त्याला ऐकवत. काढला मात्र कधीच नाही. मे महिन्यात आत भट्टी पेटायची.

"काढा ना जी, माहा जीव गुदमरून राहिला," आई विनवायची.

"आता काहून? पावसाळा येऊन राहिला," म्हणत ते पत्र्यावर बादलीनं पाणी ओतायचे. माझं डोकं फिरायचं. त्याच पाण्यानं बोल्ट गंजून बसले.

आई गेल्यानंतर जीप भंगारात काढली. भंगारवाला कटरनं टप कापायला लागला, तसे वडील धावले.

"कापू नको गा! तो निघते."