मातीनं पिऊन टाकलेली घरघर

कुंडीतल्या सुकलेल्या मातीत पाणी घातलं की तो वास येतो आणि आमगावची ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. ॲम्प्लिफायरला जोडलेली माझी इलेक्ट्रिक गिटार न वाजवताच घरघरत होती. वायर बदलली तरी आवाज जाईना. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काऊन तरास करून राहिला रे? अर्थिंगचा खड्डा सुकला असंन. मिक्सर करंट मारते तवा तिथं पाणीच टाका लागते." तिनं अंगणातल्या त्या खड्ड्यात बादली ओतली. खिडकीतून मी बघत होतो. भेगाळलेली माती पाणी पीत गेली, तशी माझ्या मांडीवरच्या गिटारची घरघर बारीक होत विरून गेली. ती शांतता मोडेल म्हणून गिटारच्या तारेला बोट लावायचीही हिंमत होईना. आज नवव्या मजल्यावर गिटार घरघरली की हात आधी बादलीकडे जातो, आणि मग आठवतं, माती किती खाली राहिली.