पहिली भिंत आपली

इरकली लुगड्याचा पदर उलगडता उलगडता अण्णा पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीविषयी बोलू लागले, की गिऱ्हाईक आधी पदराकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघत राही. अण्णा माझे थोरले काका. धारवाडला राज्यशास्त्रात एम.ए. झाले, प्राध्यापक व्हायचं ठरलं होतं. तेवढ्यात आजोबा गेले आणि अण्णा कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या कापडदुकानात येऊन बसले, ते कायमचेच. लग्न केलं नाही. इटलीतली ती छोटी छोटी भांडकुदळ राज्यं मात्र त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाहीत.

नवनगरच्या आमच्या एकत्र घरी संध्याकाळी बातम्या लागत. पडद्यावर एखादा पुढारी बोलत असला की अण्णा मला म्हणत, "त्याच्याकडं बघू नकोस. मागं कोण उभं आहे ते बघ. सगळेच माना डोलावत असले, तर हा फार दिवस टिकत नाही."

इटलीतल्या त्या काळच्या विचारवंतांचं अण्णांना एका गोष्टीसाठी कौतुक होतं. राजा देवमाणूस आहे का, हे विचारायचं सोडून, याच्या हातून राज्य टिकतं का, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणत, प्रश्न कडू आहे, पण मंत्री असो, कंपनीचा साहेब असो, की गल्लीचा अध्यक्ष, त्यातून कुणी सुटत नाही. मी राज्यशास्त्र घेतलं ते या बोलण्यापायीच.

गल्लीतल्या व्यापारी संघाचे अध्यक्ष पुढं अण्णाच झाले. कुणाशी वैर नाही, मराठी-कन्नड दोन्ही गोड, म्हणून व्यापाऱ्यांनी त्यांना बिनविरोध निवडलं. आणि वर्षाच्या आतच रस्ता रुंद होणार अशी महापालिकेची नोटीस आली. दोन्ही बाजूंच्या दुकानांचे पुढचे भाग जाणार होते. बहुतेकांचं म्हणणं कोर्टात जायचं. त्यांचे पुढारी होते माझे वडील, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो.

अण्णा दोन वकिलांना भेटून आले. खटला टिकणार नाही, असं दोघांनीही सांगितलं. आत्ता मान्यता दिली तर भाडेकरू दुकानदारांना महापालिका बांधत असलेल्या नव्या संकुलात गाळे मिळणार होते; नाहीतर त्यांच्या हाती काहीच लागणार नव्हतं. बैठकीत मत घेतलं असतं तर अण्णा हरले असते. त्यांनी मत घेतलंच नाही. अध्यक्ष म्हणून संमतीपत्रावर सही करून आले आणि मग बैठक बोलावली.

अप्पा भर बैठकीत उठले. "अण्णा, हे दुकान आपल्या वडिलांचं आहे. तू कुणाला विचारून विकलंस?"

"विकलं नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण पहिली भिंत आपलीच पडेल."

तशी ती पडली. अण्णांनी पैसे खाल्ले, असं लोक बोलले. अप्पांनी तसं कधी म्हटलं नाही, पण कुणाला अडवलंही नाही. घरात दोघांचं बोलणं बंद झालं. अण्णा भांडले नाहीत. दोन ट्रंका घेऊन ते रायापूरला भाड्याच्या खोल्यांत राहायला गेले.

भाडेकरूंना गाळे मिळाले. कोर्टात गेलेले हरले. तरी अप्पा रायापूरला गेले नाहीत. मी जात असे. एकदा मी अण्णांना विचारलंच, मत घ्यायला हवं होतं ना?

"हवं होतं," ते म्हणाले. "मी चांगला राहिलो असतो आणि ती माणसं रस्त्यावर आली असती." मग उठून खिडकी लावता लावता म्हणाले, "लोकांचा राग सोसायची तयारी मी केली होती गं. भावाचा हिशेबात धरला नव्हता."

गेल्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. भाडेकरूंनी गाळे बंद ठेवले, सगळे रायापूरला आले, खांदाही त्यांनीच दिला. अग्नी कोण देणार, असं भटजींनी विचारलं तेव्हा गर्दीच्या मागून अप्पा पुढं आले. सगळं त्यांनीच केलं.

परतताना गाडी मी चालवत होते. नवनगरचं वळण आलं तेव्हा अप्पांनी तोंड उघडलं.

"त्यानं सहीच्या आधी मला एकट्याला सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं का गं?"

मी गाडी नवनगरकडं वळवली. उत्तर मला ठाऊक होतं. अण्णांनाही ते सहीच्या आधीच ठाऊक असणार, म्हणून तर त्यांनी सांगितलं नाही.