चाकणच्या पुढे, पाचवी गाडी

निगडीला आमची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, आली तेव्हा तिथे माळच होता. प्राधिकरणाच्या प्लॉटच्या चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, घरं मात्र मोजकीच. एकाहत्तरच्या लढाईला तीन वर्षं होऊन गेली होती. आम्ही बावीस जण, दोन पत्र्याच्या शेड आणि काटेरी तारेचं कुंपण. काम एकच. या भागातल्या कारखान्यातून फौजेसाठी नव्या गाड्या निघायच्या. त्या ताब्यात घ्यायच्या, फौजेच्या गरजेप्रमाणे त्यांत फेरफार करायचे आणि कॉन्व्हॉय करून उत्तरेकडे पाठवायच्या.

मी नाईक होतो. ट्रेड व्हेइकल इलेक्ट्रिशियन. मूळचा चिंचवडगावचा. बासष्टच्या लढाईनंतर भरती निघाली तेव्हा भरती झालो. त्याआधी मुंबई-पुणे रस्त्यावर एका मिस्त्रीच्या हाताखाली डायनामो आणि सेल्फ दुरुस्त करायचो. नोकरीत पहिल्यांदाच घराजवळ पोस्टिंग मिळालं होतं. रविवारी आउटपास काढून सायकलवर घरी जेवायला जायचो. सांगायचा मुद्दा असा, की मी खुशीत होतो.

साडेपाचला पीटी, आठला फॉल-इन, साडेआठला शेडमध्ये. फौजी गाडीचे दिवे साध्या ट्रकसारखे नसतात. लढाईच्या काळात सगळे दिवे बंद करून चालावं लागतं. तेव्हा गाडीखाली मागच्या दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला पांढरा रंग देतात आणि त्यावर प्रकाश पडेल असा एक छोटा दिवा लावतात. मागचा ड्रायव्हर तो पांढरा ठिपका बघत येतो. त्यासाठी डॅशबोर्डमागचं वायरिंग उघडायचं, वेगळा स्विच टाकायचा, तार चेसिसच्या आतल्या बाजूने मागे न्यायची. हे काम माझं. एका गाडीला दीड दिवस लागायचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवीन ऑर्डर आली. आठ गाड्या डोंगराळ भागात जाणार होत्या. तिकडच्या युनिटने फॉग लाइट मागितले होते. पुढच्या बंपरखाली दोन, पिवळ्या काचेचे. दिवे आले. त्यांच्यासोबत रिले आणि वेगळे फ्यूज-होल्डर यायला हवे होते, ते आले नाहीत.

हे थोडं समजावून सांगतो. जादा दिवा लावायचा तर त्याला बॅटरीपासून स्वतंत्र तार हवी, स्वतंत्र फ्यूज हवा, आणि मध्ये रिले हवा. रिले म्हणजे दुसऱ्याच्या हाताने चालणारा स्विच. डॅशबोर्डवरच्या बटणातून थोडाच करंट जातो आणि मोठा भार रिले उचलतो. हे नसेल तर सोपा मार्ग म्हणजे आधीच्या एखाद्या दिव्याच्या तारेला टॅप मारायचा, म्हणजे तिथूनच जोड काढायचा. दिवा लागतो. बघणाऱ्याला फरक कळत नाही.

आमचे ओसी, म्हणजे तुकडीचे प्रमुख, कॅप्टन नायर साहेब शेडमध्ये आले. सोबत सुभेदार शिर्के साहेब होते.

"कॉन्व्हॉय शुक्रवारी निघणार," नायर साहेब म्हणाले. "स्टोअर्स म्हणतात रिलेला पंधरा दिवस लागतील. त्याशिवाय होईल का?"

मी म्हणालो, "साइड लॅम्पच्या सर्किटवरून देता येतील, साहेब."

"चालेल?"

"चालेल, साहेब."

एवढंच बोलणं झालं. मी मनातल्या मनात हिशोब केला होता. साइड लॅम्प, मागचे टेल लॅम्प, नंबर प्लेटचा आणि डॅशबोर्डचा दिवा, आणि आता दोन फॉग लाइट. सगळा भार साडेसात अँपिअरच्या आसपास. फ्यूज आठचा. म्हणजे बसत होतं. काठाकाठाने, पण बसत होतं.

पाचव्या गाडीचा ड्रायव्हर लान्स नाईक गंगाधर मस्के. बीडकडचा. फॉग लाइट बसवताना तो बंपरपाशी उकिडवा बसून बघत होता. स्वतःच्या गाडीचं काम दुसऱ्यावर सोडून चहाला जाणाऱ्यांतला तो नव्हता.

"नाईक साहेब, हे सगळं एकाच फ्यूजवर टाकायलाव का?"

"हो."

"मग फ्यूज उडला तर मागचे लाल दिवेबी जातील."

"उडणार नाही. दहा मिनिटं लावून बघितलंय."

"बरं," तो म्हणाला आणि पाना माझ्या हातात दिला.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला कॉन्व्हॉय निघाला. सर्वांत पुढे जीप, तिच्यात सुभेदार साहेब. मागे आठ ट्रक. मी आठव्यात, दुरुस्तीच्या सामानासह. जीपमध्ये आणि आमच्या गाडीत वायरलेस सेट होता. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. पुलापासून धुकं सुरू झालं. चाकण मागे पडलं तेव्हा सव्वासहा झाले होते. उजाडायला लागलं होतं, पण उजेडाचा उपयोग नव्हता. सगळीकडे दुधासारखं पांढरं. हेडलाइट लावला की समोर भिंत उभी राहायची. म्हणून ऑर्डर होती की हेडलाइट बंद ठेवायचे, साइड लॅम्प आणि फॉग लाइटवर चालायचं, वेग पंधरा मैल. फॉग लाइटचं काम चांगलं होत होतं. रस्त्याची कड दिसत होती. मला बरं वाटत होतं.

सहा वीसला माझ्यापुढची गाडी थांबली. आम्हीही थांबलो. सेटवर सुभेदार साहेबांचा आवाज आला.

"शेवटची गाडी, रिपोर्ट. ओव्हर."

"शेवटची गाडी थांबली आहे. पुढे काही दिसत नाही. ओव्हर."

"माझ्यामागे चारच आहेत. पाचवी आली नाही. पुढे जाऊन बघ. ओव्हर."

"पुढे जातो. आउट."

पाचव्या गाडीत काय झालं ते मस्केच्या को-ड्रायव्हरने, शिपाई तुपेने, नंतर सांगितलं. चालता चालता फॉग लाइट, साइड लॅम्प आणि डॅशबोर्डचा दिवा एकदम गेले. मस्केने वेग कमी केला आणि गाडी डावीकडे घेऊन थांबवली. फ्यूज उडाला हे त्याला लगेच कळलं, म्हणजेच मागे लाल दिवा नाही हेही कळलं. ब्रेकच्या दिव्याचं सर्किट वेगळं असतं, ते शाबूत होतं. तो तुपेला म्हणाला, "माझ्या जागी बस. ब्रेक दाबून धर. मी येईपर्यंत पाय काढू नको." मग टॉर्च आणि लाल झेंडी घेऊन तो मागे पळत गेला. सहावी गाडी त्याने वीस पावलांवर थांबवली. सातवीही थांबली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

तेवढ्यात समोरून कांद्याच्या बैलगाड्या आल्या. चाकणला बाजार होता. खेडच्या बाजूच्या गावांतून तीन गाड्या एकामागे एक येत होत्या, पोत्यांवर माणसं बसलेली. त्यांच्याकडे दिवा नव्हता. एका गाडीखाली कंदील होता, तोही विझलेला. गाड्या रस्त्याच्या त्यांच्या बाजूने, आमच्या उजवीकडून, हळूहळू चालल्या होत्या.

मी खाली उतरून पुढे चालायला लागलो होतो. सातव्या गाडीपाशी आलो तेव्हा मागून मालट्रकचा हॉर्न ऐकू आला. आमची रांग थांबलेली बघून त्याने ओव्हरटेक करायला गाडी उजवीकडे काढली होती. तो माझ्या शेजारून गेला. वेग फार नव्हता, पण त्या धुक्यात जास्तच होता. मी ओरडलो. त्याला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

मस्के तेव्हा सहाव्या गाडीजवळ होता. त्याला दोन्ही बाजू कळल्या होत्या. मागून ट्रकचा आवाज आणि पुढे बैलांच्या घुंगरांचा. मी त्याला बघितलं. तो रस्त्याच्या मध्ये आला, ट्रककडे तोंड करून उभा राहिला आणि टॉर्च डोक्याच्या वर धरून आडवी हलवायला लागला. बाजूला होण्याएवढा वेळ त्याच्याकडे होता. एक पाऊल टाकलं असतं तरी पुरलं असतं. पण मग ट्रकवाल्याला काहीच दिसलं नसतं.

ट्रकवाल्याने ब्रेक मारला. चाकं घसरली. ट्रक थांबला तो पहिल्या बैलांपासून दोन हातांवर.

मस्के ट्रकच्या पुढच्या चाकापाशी पडला होता. मी पोहोचलो तेव्हा शुद्धीवर होता.

"गाड्या?" त्याने विचारलं.

"थांबल्या सगळ्या."

"तुपेला म्हणावं, पाय काढला तरी चालतोय आता."

मी पळत आमच्या गाडीकडे गेलो आणि सेटवर ऑर्डर मागितली. सुभेदार साहेब जीप घेऊन परत आले. मस्केला जीपमध्ये घालून आम्ही पिंपरीच्या दवाखान्याकडे निघालो. मोशीच्या अलीकडे, सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना, तो गेला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सुभेदार साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं, "आता सावकाश चल."

त्याच सकाळी मी परत जागेवर गेलो आणि पाचव्या गाडीचा फ्यूज काढला. पट्टी वितळली होती. होल्डरची पितळी जीभ काळी पडली होती. दहा मिनिटांत जे होत नाही ते वीस-पंचवीस मिनिटांत होतं. तार तापते, जोड तापतो, फ्यूज मऊ पडतो. हे मला भरतीआधीपासून माहीत होतं.

चौथ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. नायर साहेबांनी सांगितलं, "फेरफार माझ्या ऑर्डरने झाला." मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, "साहेबांनी विचारलं होतं, चालेल का. मी चालेल म्हणालो. मस्केने शंका काढली होती. ती मी ऐकली नाही." लिहून घेणाऱ्या क्लार्कने मान वर करून बघितलं. प्रेसायडिंग ऑफिसरने विचारलं, "हे लिहायचं?" मी म्हणालो, "लिहा, साहेब."

मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे रेकॉर्डवर चढणारी कडक ताकीद, मिळाली. हवालदारीचं प्रमोशन मागे गेलं. नायर साहेबांची बदली झाली. जाताना ते शेडमध्ये आले आणि हात मिळवला. रिले आले तेव्हा आठही गाड्यांचं वायरिंग मी एकट्याने नव्याने केलं. सुभेदार साहेबांनी मदतीला माणूस दिला होता. मी त्याला परत पाठवला.

फेब्रुवारीत रजा घेऊन मी मस्केच्या गावी गेलो. बीडहून एसटीने दोन तास, पुढे चालत. दारात त्याचे वडील बसले होते. मी नाव सांगितलं, युनिट सांगितलं. मग उभ्यानेच म्हणालो, "त्या गाडीचं वायरिंग मी केलं होतं. चूक माझी होती. त्याने मला आधी सांगितलं होतं."

म्हाताऱ्याची सून, मस्केची बायको, दाराच्या आत उभी होती, तिनेही ऐकलं.

"बैलगाड्यांत लेकरं होती म्हणतेत," म्हातारा म्हणाला.

"दोन होती."

"आन् बाकीचे?"

"लेकरं धरून नऊ जण."

"लागलं न्हाई कुणाला?"

"नाही."

त्याने मान हलवली. मग आत बघून म्हणाला, "पाहुण्याला पाय धुवायला पाणी दे. लांबून आलाय." सुनेने पाणी आणून ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. तो तिचा हक्क होता. मी अजूनही तसंच समजतो.

ऐंशी साली पेन्शनवर आलो आणि संत तुकाराम नगरजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. खंडाळ्याच्या घाटातून जाणारे ट्रकवाले फॉग लाइट लावायला येतात. घाई असते. म्हणतात, "राव, साइड लाइटवरून जोडून द्या, रिले नंतर बघू." मी त्यांना दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवतो. एकदोघांनी कारण विचारलं, त्यांना सांगितलं. ते थांबले आणि नीट काम करून घेऊन गेले.

मस्के लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. वय अठ्ठावीस, सर्व्हिस आठ वर्षं. त्याची एक सवय होती. गाडी रिव्हर्स घेताना तो आरशावर कधी विसंबायचा नाही. दार उघडायचा, एक पाय फूटबोर्डवर ठेवायचा आणि कमरेपर्यंत बाहेर झुकून मागे बघायचा. सुभेदार साहेब त्यावरून त्याला रोज झापायचे. तो "जी साहेब" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करायचा. मला तो तसाच दिसतो. अर्धा गाडीत, अर्धा बाहेर, आपल्यामागे कोणी नाही ना, बघत.