सातव्या घरातला मंगळ

नागपूरला बर्डीवर, मोदी नंबर तीनच्या गल्लीत, एका कापडाच्या दुकानाच्या डोक्यावर आमच्या सांजदैनिकाची कचेरी होती. तो पेपर केव्हाच बंद पडला. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात आणि जवळूनच मेट्रो जाते. तरी त्या बाजूला गेले की मला शाईचा वास येतो, आणि खालच्या पोह्यांच्या गाडीवरून जिना चढून येणाऱ्या झणझणीत तर्रीचा. मी तिथे मुद्रितं तपासायची. समोरच्या टेबलावर प्रेमिला रेवतकर बसायची. तिची गोष्ट सांगायची म्हणून हे लिहिते आहे.

प्रेमिला नरखेड तालुक्यातली. वडिलांचा, मनोहररावांचा, संत्र्याचा बगीचा होता. शिकलेली, सावळी, तरतरीत पोरगी. पण पत्रिकेत मंगळ सातव्या घरात. सातवं घर म्हणजे लग्नाचं घर, त्यामुळे पाहुणे पोहे खाऊन उठायचे आणि चार दिवसांनी निरोप यायचा, "मंगळ आहे म्हणतात." असं दोन-तीनदा झाल्यावर तीच बापाला म्हणाली, "मी नागपूरले जातो. नोकरी करतो." मनोहररावांनी अडवलं नाही.

नशीब असं की आमच्या संपादकांनी तिच्याकडे पहिलंच काम सोपवलं ते राशिभविष्याचं. दिल्लीच्या एका संस्थेकडून दर आठवड्याला इंग्रजी मजकूर यायचा. तो मराठीत करायचा. ज्या विषयानं तिला घराबाहेर काढलं, तोच पोट भरायला पुढ्यात आला. ती मुकाट्यानं भाषांतर करायची. 'मेष, एकवीस मार्च ते एकोणीस एप्रिल. प्रवास संभवतो.' मेषेचे लोक दर आठवड्याला कुठेतरी निघालेलेच असायचे.

एका शनिवारी दुपारी एक माणूस जिना दणादण चढून वर आला. कळमेश्वरच्या एमआयडीसीत टर्नर होता, हाताला तेलाचे डाग तसेच. नाव रुपराव. हातात आमचा पेपर.

"राशी कोन लिह्यते इथं?"

मी प्रेमिलाकडे पाहिलं. ती उभी राहिली. "मी लिह्यतो. काय झालं?"

"माही रास वृश्चिक हाय. जन्मापासून हाय. तुमी मले मकर काहून केली?"

"जन्मतारीख कोनती?"

"पाच जानेवारी."

"मंग मकरच. इथं लिहून आहे."

"लिहून आहे म्हून माही रास बदलली का? आमच्या गुरुजीनं काहाडली ते खोटी?"

 प्रेमिलालाही ते कधी कळलेलं नव्हतं. ती म्हणाली, "पंधरा दिवसानं शनिवारी या. विचारून सांगतो." माणूस गेला. जाताना पेपर मात्र घडी करून खिशात घालून घेऊन गेला.

विचारायचं कोणाला, तर आमचा कंपोझिटर म्हणाला की कामठीला एक मिस नोरीन आहेत, पियानो शिकवतात, त्यांना हे विलायती ज्योतिष येतं. रविवारी आम्ही दोघी बसनं कामठीला गेलो. छावणीकडच्या एका बैठ्या घरात, कौलांवर चढलेल्या बोगनवेलीखाली, पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. अँग्लो-इंडियन, वडील रेल्वेत गार्ड होते. हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं मिसळून बोलायची. प्रेमिलानं घरून आलेली संत्री नेली होती. मिस नोरीननं त्यातलंच एक सोललं.

"बेटा, सूरज का रास्ता. असा गोल. त्याच्या बारा सारख्या फोडी केल्या, त्या बारा राशी."

प्रेमिलानं फोडी मोजल्या. "पन याच्यात तर दहाच निघाल्या."

मिस नोरीन इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं कागद घेतला आणि वर्तुळ काढलं. म्हणाली, भांडण इतकंच आहे की पहिली फोड कुठून मोजायची. तुमचे गुरुजी मागच्या ताऱ्यांवरून मोजतात. आम्ही ऋतूवरून मोजतो. मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या क्षणी सूर्य जिथे असतो तिथे आमची मेष सुरू. फार पूर्वी दोन्ही सुरुवाती एकाच ठिकाणी होत्या. हळूहळू सरकत गेल्या, आता जवळपास चोवीस अंशांचं अंतर पडलंय. आणि दुसरं म्हणजे तुमच्याकडे रास विचारली की माणूस चंद्राची सांगतो. पेपरवाले सूर्याची छापतात, कारण तारखेवरून तीच काढता येते. तो तुझा टर्नर खोटा नाही, तुझा पेपरही खोटा नाही. एक चंद्राबद्दल बोलतोय, एक सूर्याबद्दल.

 परतीच्या बसमध्ये प्रेमिला एकदम म्हणाली, "मुग्धा, त्यायच्या पद्धतीनं माहा मंगळ सातव्यातून निघत असंन का वं?"

पुढच्या रविवारी ती जन्मवेळ घेऊन गेली. मीही सोबत होते. मिस नोरीननं जुन्या जाड पुस्तकातून आकडे काढले, कुंडली मांडली आणि चष्मा काढून ठेवला.

"निघत नाही. लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, तेही सरकलं, मंगळही तेवढाच सरकला. सातव्यातच आहे."

प्रेमिलाचा चेहरा उतरला. मिस नोरीननं तिचा हात धरला. "ऐक. सातवं घर म्हणजे फक्त नवरा नाही. पहिलं घर तू. सातवं म्हणजे तुझ्या समोर जो उभा राहील तो. भागीदार, नवरा, भांडायला आलेला माणूस, सगळे त्याच दारातून येतात. आणि तू जन्मलीस रात्री. जुन्या पुस्तकांत ग्रहांच्या दोन टोळ्या आहेत. सूर्य, गुरू, शनी दिवसाचे. चंद्र, शुक्र, मंगळ रात्रीचे. मंगळ मुळात गरम, कोरडा. दिवसा जन्मलेल्याला तो भाजतो. रात्रीच्या गारव्यात त्याची आग कामाला येते. मी त्याला चांगला म्हणणार नाही. पण तुझा मंगळ तुझ्या बाजूचा आहे."

मी प्रेमिलाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती पदर तोंडाला लावून बसली होती, आणि मिस नोरीन पियानोवर काहीतरी हळूहळू वाजवत राहिली.

शनिवारी रुपराव आला. प्रेमिलानं त्याला कागदावर वर्तुळ काढून सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि नवाच प्रश्न काढला. "चंद्राची रास वेगळी, सूर्याची वेगळी, मंग मंगळाची, शुक्राची बी वेगळी असंन ना? तुमी एकाच राशीचं भविष्य काहून छापता?" प्रश्न बरोबर होता. त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला, दर वेळी नवं भांडण घेऊन. एका शनिवारी आला नाही, तर प्रेमिलानं तीनदा जिन्याकडे पाहिलं. मी मोजत नव्हते, पण माझं लक्ष होतं.

मग ते दोघं मिळूनच कामठीला जाऊ लागले. लग्न ठरवायला प्रेमिला त्याला घेऊन गावी गेली. मनोहररावांनी विचारलं, "पत्रिका पाह्यली का?"

"पाह्यली बाबा. दोघायची पाह्यली."

"जुळते का?"

"नाई जुळत. आमी लय भांडतो. तरी लगन करतो."

मनोहरराव बगीच्याकडे बघत म्हणाले, "माहीबी तुह्या मायशी जुळून राहिली होती. भांडनं काही कमी झाले नाई." लग्न झालं. मिस नोरीन फुलांचा फ्रॉक घालून आली होती, पंगतीत मांडी घालता येईना म्हणून तिला खुर्ची दिली होती. दोन वर्षांनी ती भावाकडे ऑस्ट्रेलियात गेली आणि तिकडेच वारली.

पेपर बंद पडल्यावर प्रेमिलानं प्रतापनगरच्या घरी शनिवारचा वर्ग सुरू केला. भविष्य सांगत नसे. "मी भाषा शिकवतो," म्हणायची. तिची शिकवायची रीत मला फार आवडायची. सतरंजीवर सगळ्यांना गोल बसवायची, एकेकाला एकेक रास द्यायची. मेष, सिंह, धनू अग्नीच्या. वृषभ, कन्या, मकर पृथ्वीच्या. मिथुन, तूळ, कुंभ वायूच्या. कर्क, वृश्चिक, मीन जलाच्या. मग म्हणायची, "आता मान न हालवता सांगा, कोन नीट दिसते?" समोरचा डोळ्यात डोळे घालून दिसायचा, ती प्रतियुती, ताण. तिरके, आपल्याच तत्त्वाचे दोघं सहज दिसायचे; तो त्रिकोण, मैत्री. काटकोनातले खुपायचे; तो केंद्रयोग. आणि अगदी शेजारी बसलेला दिसायचाच नाही. "शेजारच्या राशीची ओळख नसते," प्रेमिला म्हणायची. रुपराव चहाचा ट्रे घेऊन आतून ओरडायचा, "शेजाऱ्यायची ओळख कोनाले असते इथं!" सगळे हसायचे. त्या शनिवारांची मला अजून आठवण येते. चिवडा, चहा, खिडकीतून येणारी कडुलिंबाची सावली, आणि त्या दोघांचं न संपणारं भांडण.

जुन्या विलायती ग्रंथांत माणसाचं आयुष्य किती, हे काढायची रीतही दिलेली आहे. रुपरावनं लग्नाच्या वर्षीच तिला सांगून ठेवलं होतं, "माहं तेवढं पाहू नको." करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. शोकाचे दिवस सरल्यावर मी भीत भीत विचारलं, "कधी पाहिलं होतंस का गं?"

"नाई," ती म्हणाली. "त्यानं नको म्हनलं होतं. पाह्यलं असतं तर इतके वर्सं मी त्याच्याशी भांडू शकली नसती."

वर्ग बंद झाला. सतरंजी गुंडाळून दिवाणाखाली गेली. मुलगा जितेंद्र पुण्याला, तो बोलावत होता, ती जात नव्हती. दोन वर्षं अशीच गेली. मग वरच्या मजल्यावर धम्मदीप आणि त्याचं कुटुंब राहायला आलं. त्याची मुलगी प्रीती विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकते. एके दिवशी तिनं जिन्यातच प्रेमिलाला गाठलं.

"मावशी, मला ते शिकायचंय. पण सांगून ठेवते, आमच्या घरी पत्रिका चालत नाही. देवाजी आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच सगळं सोडलं. माझा विश्वास नाही."

"लय चांगलं," प्रेमिला म्हणाली. "मंग तू भिऊन नाई शिकनार. ये शनिवारी."

प्रीती आली, मग तिच्या दोन मैत्रिणी आल्या. प्रीती प्रश्न फार विचारायची. युरेनस, नेपच्यून कुठे आहेत? प्रेमिलानं सांगितलं, जुन्या पद्धतीत सातच, कारण साध्या डोळ्यांना तेवढेच दिसत होते. सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. बाराही राशींची मालकी त्यांच्यातच वाटलेली. सूर्य-चंद्राला एकेक, बाकीच्यांना दोन-दोन. दूरच्या, संथ शनीला थंडीतल्या मकर आणि कुंभ.

"मावशी, तुम्ही शनी पाहिलाय?"

"रोज पाहतो कागदावर."

"आकाशात?"

 प्रेमिला तीस वर्षं कागदावर त्याची खूण काढत आली होती. आभाळात तो कुठे असतो, हे तिनं कधी शोधलंच नव्हतं.

गेल्या डिसेंबरात प्रीतीनं मैत्रिणीकडून दुर्बीण मागून आणली, मलाही बोलावलं. संध्याकाळी दिवे लागले होते, गच्चीवर गार वारा होता. प्रेमिलानं स्वेटरवर शाल घेतली होती. प्रीतीनं नळी वळवून, स्क्रू फिरवून दुर्बीण लावली आणि बाजूला झाली.

प्रेमिला वाकली. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मी पुढे झाले, मला वाटलं कंबर धरली.

"दिसला का?" प्रीतीनं विचारलं.

"दिसला," ती हळूच म्हणाली. "भोवतालचं कडं बी दिसते, काडीसारखं. कितीक लहान हाय वं हा. आन् मी त्याले काय काय बोलली आजवर."

तिनं डोळा काढला, पुसला, आणि पुन्हा लावला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. आम्ही दोघी आमच्या पाळीची वाट बघत उभ्या होतो, पण ती काही सरकेना.